सासूबाईंचा नवा सेट

३ तारीख, सोमवार

सासूबाईंचा हॅम रेडिओचा सेट आज गेला! जरासा धूर निघाला नि गप्प. दृष्टी गेल्यापासून त्या त्यावरूनच जगभर बोलायच्या. दिवसभर धड जेवल्या नाहीत.

"नवा आणू," मी म्हटलं.

"मग उपग्रहावरून बोलता येईल असाच आणू."

मी हसले. त्या नाही हसल्या!

५ तारीख

सासूबाईंनी समजावलं ते असं — उपग्रह आपला आवाज झेलतो नि दूरवर खाली सोडतो. थोड्याच मिनिटांत मावळतो. म्हणून बोलत असतानाच आपला परत आलेला आवाज ऐकवेल असा सेट हवा. त्या म्हणाल्या, "नाहीतर भिंतीशी बोलणं. पोचलं का, कुणास ठाऊक!"

या वयात हे सगळं डोक्यात! मला मोबाइलचं बिल भरताना घाम फुटतो.

८ तारीख

दुकानात गेलो. दुकानदाराने सगळ्यात चकचकीत सेट पुढे केला — नुसता पडदाच. सासूबाईंनी बोट फिरवलं. "ही तर खिडकीची काच. यात काय चाचपडू?"

मग दोन वॉकीटॉकी. एकात बोला, दुसऱ्यात ऐका. "दोन्ही हात यांतच गुंतले. आणि उपग्रहाकडे अँटेना कोण धरणार? व्याही?"

शेवटी खालच्या फळीवरचा एक वापरलेला सेट. जाड, गोल बटण. त्यांनी ते हलकेच फिरवलं नि चेहराच उजळला. तरी बोलणं-ऐकणं एकदम होतं का, ते तपासूनच घेतला.

"जुना कशाला, आई?" नवरा कुरकुरला.

"लग्न लावायचंय का त्याचं?"

९ तारीख

नवरा फुगलाय. अँटेना मात्र त्यानेच जोडला!

१२ तारीख

संध्याकाळी गच्चीवर. अँटेना माझ्या हातात. उपग्रह पळतो तसा आवाज चिरका होतो, मग घोगरा. त्या बटण किंचित फिरवून तो सरळ करत होत्या — नुसत्या कानाने! त्यांचाच आवाज आकाशातून परत आला. मग एका अनोळखी बाईने उत्तर दिलं. काय बाई आहेत या! मी वेड्यासारखी ओरडले.

"आता तू बोल," म्हणून त्यांनी माइक दिला नि स्वतः हेडफोन चढवला. बोलले. पुन्हा बोलायला लावलं. पुन्हा. मग हेडफोन काढला.

"वर येऊन किती वेळ झाला तुला?"

"बराच."

"मग शब्दाशब्दाला दम का घेतेस?"

"आई, काहीतरीच!"

"उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर."

१५ तारीख

माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही. वेळेवर कळलं, म्हणाल्या डॉक्टरीणबाई. "त्रास कधी जाणवला तुम्हाला?"

मला नाहीच जाणवला. आईंना ऐकू आला.