बाहेरचा पंखा

प्रिय ताई,

फोन करायचा धीर होत नाही, म्हणून पत्र. फोनवर तू गप्प राहशील आणि मी माझ्या त्या कामाच्या मऊ आवाजात काहीतरी बोलायला लागेन, मान तिरकी करून. फोनवर मान दिसत नाही, तरी तिरकी होतेच. अकरा वर्षं समुपदेशन करून दुसरं काय होणार? लहानपणी तूच मला बडबडी म्हणायचीस, झोपेतसुद्धा हिचं तोंड बंद नसतं म्हणून उशी फेकून मारायचीस. आता बघ, गप्प बसणं हाच माझा धंदा झालाय.

दमले गं. दिवसाला सहा माणसं, प्रत्येकाची पन्नास मिनिटं. सल्ला द्यायचा नाही, चूक-बरोबर ठरवायचं नाही, आपलं रडगाणं तर मुळीच गायचं नाही. समोरच्याला त्याची वाट सापडेपर्यंत सोबत बसून राहायचं. हे सगळं मी मनापासून मानते, कारण त्यानं माणसं सावरताना पाहिलीत. एक आजोबा होते, चार महिने नुसते खिडकीकडे बघत बसायचे, आणि मग एक दिवस... जाऊ दे, तेही तुला सांगता येत नाही. पण संध्याकाळी घरी येते तेव्हा कान इतके भरलेले असतात की शेजारणीनं जिन्यात ‘काय म्हणतेस’ विचारलं तरी पळून जावंसं वाटतं.

त्या शुक्रवारी तू आलीस ती अशाच वेळेला. चहाचा कप घेऊन ओट्याला टेकून उभी राहिलीस. भावोजी दोन महिने तुझ्याशी बोलत नाहीत, ताट वाढलं की उचलून दुसऱ्या खोलीत जातात, हे तू नळ गळतोय असं सांगावं तसं सांगितलंस. मग विचारलंस, मी निघू का गं तिथून? आणि मी काय केलं? मान तिरकी केली. तुला हे फार जड जात असणार, म्हणाले. आपल्याच माणसाचं समुपदेशन करायचं नाही असा आमचा नियम आहे, असंही म्हणाले, आणि माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या मैत्रिणीचा नंबर कागदावर लिहून दिला. तू कप विसळलास, पालथा घातलास आणि गेलीस.

नियम खरा आहे, ताई. पण मी तो त्या कारणानं सांगितला नव्हता. त्या दिवशी सहा जण झाले होते आणि तू तोंड उघडलंस तेव्हा माझ्या मनात आलं, ही सातवी. लिहिताना लाज वाटते. तू समुपदेशकाकडे आलीच नव्हतीस, बहिणीकडे आली होतीस. बहिणीनं बहिणीशी बोलू नये असं कुठल्या नियमात लिहिलंय?

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता तू आमच्या केंद्रात त्या मैत्रिणीकडे येतेस. पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसतेस. मी समोरून गेले की हसतेस, तोंडओळखीच्या बाईकडे बघून हसावं तसं. मग मैत्रिणीचं दार लागतं. आमच्या पॅसेजमध्ये एक जुना पंखा आहे, घरघर करणारा. तो कडक थंडीतही चालू असतो, आतलं बोलणं बाहेर ऐकू येऊ नये म्हणून. त्याला हात लावायचा नाही हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात. मीच सांगते. मैत्रीण तुझ्याबद्दल एक अक्षर बोलत नाही आणि मीही विचारत नाही. असे आठ महिने गेले.

परवा मी तो पंखा बंद केला.

माझं चारचं माणूस आलं नव्हतं. दोनच मिनिटं उभी राहिले दाराशी, पण दोन मिनिटं काय नि दोन तास काय. तू म्हणत होतीस, मला सल्लाबिल्ला नको होता हो, तिनं नुसतं ‘ये माझ्याकडे’ म्हणायला हवं होतं. घरात एक माणूस बोलत नाही, आणि जिची बडबड थांबत नव्हती तीही आता बोलत नाही. पुढचं मला ऐकवेना. पंखा लावला, खोलीत येऊन बसले आणि ढसाढसा रडले.

आज सकाळी मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. मेलं कुणी ओरडतही नाही आमच्याकडे. येत्या गुरुवारच्या आत तूच तिला सांग, म्हणाली. वरिष्ठांनाही ती कळवणार आहे, आणि कळवायलाच हवं. पुढे तिच्याकडेच यायचं की दुसरीकडे जायचं हे तू ठरव, दुसरी जागा ती शोधून देईल. माझ्या नोकरीचं व्हायचं ते होईल. पण तू मोकळी बोलत होतीस अशी जगात एकच खोली होती, आणि तिथेही मी कान लावला. माफ कर म्हणायला तोंड नाही मला.

तरी जे ऐकलं ते आता न ऐकल्यासारखं करता येणार नाही. आठ महिन्यांपूर्वी ओट्याशी तू जे विचारलं होतंस त्याचं उत्तर देते, मान सरळ ठेवून. चुकलं तर चुकलं. हो गं ताई, निघ. ये माझ्याकडे. पाकिटात किल्ली आहे. मागच्या खोलीतल्या माझ्या फायली हलवल्यात, खिडकीचा पडदाही धुतलाय. रागावून ये, भांडायला ये, हवं तर उशी फेकून मार. आल्यावर महिनाभर बोलली नाहीस तरी चालेल, मी बोलत राहीन.

तुझीच,
बडबडी