टेकडी जवळ आणण्याची खटपट

कर्वेनगर, पुणे
रविवार, दुपार (आपली बहीण झोपली आहे तोवर)

ती. गोदाक्कांना श्यामसुंदरचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावर समजावा. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला माणूस लागेल, आणि घरात आम्ही दोघंच, त्यात एकीचे गुडघे गेलेले.) आपली नवी कवळी बसली का? की कवळी अजून डबीत आणि भाकरी दुधात? बार्शीला ऊन कडक असेल, दुपारचं गच्चीवर जाऊ नये. सांगून उपयोग नाही हे माहीत आहे, तरी लिहायची पद्धत म्हणून लिहिलं.

उभा जन्म टेलिफोन खात्यात काढलेला माणूस फोन सोडून पत्र का लिहितो, असं आपल्या मनात येईल. अहो, आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोललेलं एक अक्षर निशाच्या कानातून सुटत नाही. गुडघे गेले, कान शाबूत आहेत. शिवाय आपला मोबाइल फडताळात, आणि तोही बंद.

तर गुडघे. डॉक्टरांनी साफ सांगितलं की दोन्ही बदलून घ्या, मग खुशाल टेकडी चढा. निशा म्हणाली, "बघू." आपल्या माहेरचं हे 'बघू' मला लग्नापासून ठाऊक आहे, त्याचा अर्थ 'नाही' असा होतो. टेकडी तिला किती प्रिय, हे आपण जाणताच. थंडी असो, चिखल असो, पहाटे काठी घेऊन निघायची (काठी कुत्र्यांसाठी), वर त्या सपाट खडकावर हुस्नबानूबाईंच्या टोळक्यात बसून जगाची उणीदुणी काढायची आणि येताना भाजी घेऊन यायची. दिवाळीपासून ते बंद झालं. सुरुवातीला ती गॅलरीत बसून टेकडीकडे बघायची. मग एके दिवशी तिने खुर्ची फिरवली आणि टेकडीकडे पाठ करून बसायला लागली. अक्का, खरं सांगतो, ती फिरवलेली खुर्ची मला बघवेना. रडली असती, माझ्यावर ओरडली असती तरी परवडलं असतं.

टेकडी घरात आणता येत नाही, पण जवळ आणता येईल, असं माझ्या डोक्यात आलं. दुर्बीण आणली असती तर हेतू उघडा पडला असता आणि "माझी कीव करू नका" हे ऐकून घ्यावं लागलं असतं. कॅमेरा म्हटला की कसा घरगुती वाटतो. म्हणून मी जेवताना जाहीर केलं, रोजचे साधे फोटो काढायला एक कॅमेरा घेणार आहे. निशा म्हणाली, "कोणाचे?" मी म्हटलं, घरातले. ती म्हणाली, "घरात बघण्यासारखं काय आहे?" आणि माझ्याकडे बघून पुढचा घास घेतला.

आपल्या केदारला सल्ल्यासाठी वाघोलीहून बोलावलं. (वाघोलीहून कर्वेनगरला यायचं म्हणजे प्रवासच, आधी त्याला लिंबूसरबत दिलं, मग विषय काढला.) अक्का, आपला मुलगा गुणाचा आहे, पण बोलतो ते निम्मं इंग्रजी. "काका, साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर छोटा असतो, लो लाइटला नॉइज येतो, सरळ मिररलेस घ्या ना." आता त्या मिररलेसला टेकडीपर्यंत पोचेल अशी लेन्स लावायची तर ती उचलायला एक गडी ठेवावा लागतो आणि तिच्या किमतीत एक गुडघा येतो. मी म्हटलं, नको. मग म्हणाला, "मोबाइलचाच झूम वापरा." वापरून बघितला. टेकडीवर जे हिरवं सारवण दिसलं त्यात माणूस कुठला आणि निवडुंग कुठला, सांगता येईना. शेवटी कंटाळून त्याने ब्रिज कॅमेरा सुचवला. लेन्स अंगचीच, काढायची-घालायची भानगड नाही, आणि झूम म्हणाल तर साठपट. फोटो अगदी भिंतीवर लावण्यासारखे येत नाहीत म्हणे, पण लांबचं येतं. मला तरी दुसरं काय पाहिजे होतं?

असले कॅमेरे आता दुकानदार ठेवत नाहीत. कोणी घेत नाही म्हणे. शनिवार पेठेत एका अमीनशेठांकडे मिळाला. आजोबांपासूनचं दुकान, बोलणंही पेठेतलंच, म्हणजे गिऱ्हाइकाला 'बसा' म्हणायची चाल नाही. मी कॅमेरा दारात नेऊन समोरच्या अमृततुल्यातली दरपाटी वाचली, मग पलीकडच्या दवाखान्याची वेळ, मग लांबच्या गच्चीवर कोणाची चादर वाळतेय ते बघितलं. अमीनशेठ म्हणाले, "आपण कॅमेरा घेताय की पेठ?" मी म्हटलं, मला टेकडी दिसली पाहिजे. ते म्हणाले, "इथून दिसणार नाही. कॅमेऱ्याचा दोष नाही, मधे पुणे आहे." माझं डोकं फिरलं. तावातावाने मी गुडघे, खडक, फिरवलेली खुर्ची, सगळं भडाभडा सांगून टाकलं. (का सांगितलं कोण जाणे. केदारलाही सांगितलं नव्हतं.) शेठांनी कॅमेरा माझ्या हातून घेऊन खोक्यात भरला. मग म्हणाले, "घेऊन जा. टेकडी नाही दिसली तर परत आणा." त्यांच्या डोक्यामागे पाटी होती, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही, कारण सांगू नये.' आणि हो, मग मला बसा म्हणाले.

साठपट झूम म्हणजे साठपट थरथर, हे मात्र खोक्यावर छापलेलं नसतं. पहिल्या दिवशी माझे आभाळाचे बरेच फोटो निघाले, एक कबुतराच्या शेपटीचा, आणि एक बहुतेक माझ्या अंगठ्याचा. केदार फोनवर म्हणाला, धान्याची पिशवी करून खाली ठेवा. मी निशाचा लोकरीचा मोजा घेतला, त्यात डब्यातली तूरडाळ भरली, गाठ मारली आणि गॅलरीच्या कठड्यावर ठेवून वर रुमाल पसरला. कॅमेरा त्यावर काय ऐटीत बसला! निशा आठवडाभर तूरडाळ शोधत होती आणि मी मुगाच्या वरणाचं तोंड फाटेस्तोवर कौतुक करत होतो. एक त्रास आहे. रोज सकाळी दूध घेऊन वर आलो की कॅमेऱ्याची मान थोडी वळलेली असते. आमच्याकडे कबुतरं फार माजली आहेत.

मधेच आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अवधूत फडतरे येऊन उभे राहिले. समोरच्या इमारतीतून तक्रार होती की चौथ्या मजल्यावरचे आजोबा रोज सकाळी आमच्यावर काहीतरी रोखून बसतात. (आजोबा! तक्रार करणारा माझ्याहून फार तर चार वर्षांनी लहान असेल.) मी त्यांना सगळे फोटो दाखवले. टेकडी, टेकडी, कबुतर, टेकडी. फडतरे स्वतः डोळा लावून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले. तर म्हणाले, "आपल्या पलीकडच्या विंगच्या गच्चीवरची टाकी यातून दिसते का? वाहायला लागली की मला एक हाक मारत जा." तेव्हापासून ते बिनपगारी काम माझ्याकडे आहे.

आता खरं काय दिसलं ते. चेहरे कळत नाहीत, पण चाल कळते, टोपी कळते. हुस्नबानूबाई बरोब्बर कळतात. शाळेतून निवृत्त झाल्या तरी खडकावर रोज हजेरी घेतात, हात वर केल्याशिवाय चालत नाही. ओळीने सगळे बसलेले असतात, खेटून, आणि मधे एक जागा रिकामी. मला वाटलं, कोणी उशिरा येणारं असेल. दुसऱ्या दिवशीही रिकामी. आठवडाभर तेच. एक बाई तर उभी होती, पण तिथे बसली नाही. न राहवून मी खाली जाऊन हुस्नबानूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, ती निशाची जागा. हजेरीत नाव घेते मी रोज. सगळे म्हणतात, रजेवर." अक्का, मी फोन ठेवला आणि पार्किंगमध्येच बसून राहिलो.

बाकी सगळं ठीक. कॅमेरा उत्तम आहे, घेण्यासारखा आहे, पण आपण घेऊ नये.

आपला,
श्यामसुंदर

ता. क. एवढं लिहिलं ते कॅमेऱ्यासाठी नव्हे, हे आपल्या लक्षात आलंच असेल. त्या रिकाम्या जागेचा फोटो सोबत ठेवतो आहे. मी निशाला दाखवायला जातो आणि माझा घसा बसतो, की ती आल्याचा काढा करायला उठते, त्याच गुडघ्यांवर. आपण पुण्याला या, तिला हा फोटो दाखवा आणि ऑपरेशनला हो म्हणायला लावा. आपल्यापुढे 'बघू' म्हणायची तिची छाती नाही.

ता. क. दुसरा. हे मी लिहिलंय, असं तिला कळू देऊ नये. खालून फडतरे हाका मारतायत, टाकी वाहतेय वाटतं. आल्यावर पाकीट चिकटवतो.

अक्का, पाकीट मी चिकटवते आहे. हे टाकीपाशी आहेत. कबुतरं कसली, मीच ती. हे दुधाला उतरले की मी त्या कॅमेऱ्याला डोळा लावते. माझी जागा यांच्या आधी मी बघितली आणि तिथेच उभ्याउभ्या खूप रडले. घरातले फोटो काढायला टेकडी दिसणारा कॅमेरा कशाला लागतो, हे न कळायला मी काय काल आले या घरात? पण त्या मोज्यावर रुमाल पसरणाऱ्या माणसाला काय बोलणार? डॉक्टरांना हो म्हणून कळवलं आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. यांना अजून सांगितलं नाही, कारण मागे रक्त माझं काढलं आणि बाकावर आडवे हे झाले. म्हणून तू नक्की ये. मला आत नेतील तेव्हा बाहेर यांचा हात धरायला कोणीतरी हवं. येताना तूरडाळ आण. आमची मोज्यात आहे, आणि मी त्या खडकावर बसलेली यांना इथून नीट दिसेपर्यंत ती मी काढू देणार नाही.