ईदच्या दिवशी बाबांनी कापलेला फोन

मागेलांग, जावा
२ एप्रिल २०२५

ती. बाबा यांस,
समीक्षाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सोमवारपासून तुम्ही माझा फोन उचलून नाही राह्यले. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो मयुरीताईच्या मोबाईलवर पाठवते. पूर्ण वाचा, अर्ध्यात सोडू नका.

सोमवारी इथं ईद होती. शिकाले येऊन या घरात मी सात महिन्यांपासून राहते, हे तुम्हाले माहीत हाय. इथली रीत अशी, की लहान माणसं मोठ्यायच्या समोर गुडघ्यावर बसून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, अन् मग मोठे लहानायची मागतात. मीही रांगेत बसली. माझी पाळी आली तं घरच्या आईनं, सुमार्नीबाईनं, माझ्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाली, की कधी भाजी तिखट झाली, कधी मी तुझ्यावर रागावली, मनात ठेवू नको. महिनाभर रोजे धरून, पाण्याचा थेंब न घेता, या बाईनं माझ्यासाठी दुपारचा स्वयंपाक केला. मीठ चाखायची नाही, म्हणून मलेच विचारे, बराबर पडलं का.

मग ती म्हणाली, तुझ्या बाबांचीही माफी मागायची हाय, त्यायची पोरगी मी इतके दिवस ठेवून घेतली. चौदा माणसं तिच्या फोनसमोर बसले. वागिमानकाका, म्हणजे तिचा नवरा, नवीन टोपी घालून आले. तुम्ही फोन उचलला, एक नजर पाहिलं अन् कापला. मागून तुमचा मेसेज आला, की नेटवर्क नाही म्हणून सांग. मी सांगतलं. माफी मागायले बसलेल्या बाईशी मी खोटं बोलली. ती रोज विचारते, बाबांच्या गावाले नेटवर्क आलं का.

काहून कापला, ते काल ताईनं सांगतलं. तुम्ही वॉर्डात सांगून ठेवलं हाय की समीक्षा बोरोबुदूरच्या स्तूपाजवळ बौद्ध घरी राहते. स्तूप इथून बारा किलोमीटरवर हाय, तेवढंच खरं हाय.

मी पहिलीत होती तवा गुरुजीनं आडनाव विचारलं अन् मी पुटपुटली. तुम्ही खिडकीबाहेर उभे होते. आत येऊन म्हणाले, जोरात सांग, रामटेके. घरी आल्यावर म्हणाले, आपण कोण हे सांगाले ज्याले भेव वाटते, त्याले लोक जिंदगीभर भेवाडतात. तेच तुम्ही, जे लोक माझ्यासाठी ताट झाकून ठेवतात त्यायचं नाव लपवता. मले फार राग आला हाय. म्हणून ईदेचा फोटो आज घरच्या ग्रुपवर टाकला, खाली साऱ्यांची नावं लिहून.

आईले नमस्कार. रागावली तरी लेक तुमचीच हाय, माया कमी करू नका.

समीक्षा

भरवेली
५ एप्रिल

चि. समीक्षास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पूर्ण वाचलं. मोठी विद्वान झाली तू. एकतीस वर्षं मी मॅंगनीजच्या खाणीत उतरलो, तवा तू तिथं जाऊन मले माझीच गोष्ट शिकवून राह्यली.

त्या दिवशी घरात कोण बसलं होतं ते विचारलं का तू? किरनापुरचे पुनारामजी अन् त्यायच्या घरचे चार माणसं समोर होते. त्यायचा पोरगा प्रीतम अन् आपली मयुरी, यायच्या लग्नाची तारीख काढून राह्यलो होतो. अन् फोनमधी टोप्याच टोप्या. मी काय करू? पुनारामजी कसे हाय तुले माहीत नाही. त्यायले मुसलमानायचं नाव काढलं की चहा कडू लागते.

मी काही बसून खोटं रचलं नाही. विहार कमिटीच्या बाबूलालनं विचारलं, पोरगी कुठं राहते. मी म्हणलं, स्तूपाजवळ. त्यानं समजून घेतलं बौद्ध. मी नाही म्हणलो नाही, एवढंच. मग लोक मले मान देऊ लागले, कोणी तिथली माती आणाले सांगे. त्यायले काय सांगू?

बाई चांगली असन, हौ. मी कुठं नाही म्हणतो. पण लग्न तुझ्या बहिणीचं हाय अन् तोंड मले दाखवा लागते. तो फोटो काढून टाक. नाही काढला तं मे महिन्यात परत ये, बाकीची शिकाई इथं होईन.

तुझी आई खुशाल हाय. तब्येतीची काळजी घे. आशीर्वाद आहेतच.

तुझा बाप
वसंता

भरवेली
१० एप्रिल

प्रिय समी,
जयभीम. तू खुशाल असशील, इथं कोणी खुशाल नाही.

फोटो काढू नको. ग्रुपवरून तो वॉर्डभर गेला, साऱ्यांनी पाहून झाला. बाबूलालजी घरी आलते अन् बाबांना म्हणाले, पोरगी शेजारच्या घरी भेटाले गेली असन. बाबांनी मान हलवली. आता ऐक, चौदा तारखेच्या जयंतीले स्टेजवर बाबांचा सत्कार हाय, बुद्धाच्या देशात बौद्ध घरी पोरगी शिकाले पाठवली म्हणून. शाल आणून झाली. आईनं हे ऐकलं तवापासून ती त्यायच्याशी बोलत नाही. ताट समोर सरकवते अन् आत जाते.

पण मले राग दुसऱ्याच गोष्टीचा हाय. घरात जो तो माझ्या लग्नाचं नाव घेते, अन् मले एकानंही विचारलं नाही. तूही नाही विचारलं, फोटो टाकायच्या आधी. मी प्रीतमले सारं खरं सांगतलं. तो म्हणाला, मले काही वाटत नाही, पण बाबांसमोर मी बोलू शकत नाही. मी म्हणली, तं मग मी लग्न कोणाशी करून राह्यली, तुझ्याशी का तुझ्या बाबांशी? तवापासून त्याचा फोन नाही.

सत्काराले मी जाणार नाही. बाबांना तसं सांगतलं हाय. ते चप्पल घालून बाहेर गेले.

अभ्यास कर. सुमार्नीबाईले माझी ईद मुबारक सांग, उशिरानं. आठवण काढत जा.

तुझी ताई
मयुरी

भरवेली
१६ एप्रिल

चि. समीक्षा,
अनेक आशीर्वाद. कळवायचं कारण की जयंती झाली.

रॅली विहारापाशी आली, बाबूलालनं माईकवर माझं नाव पुकारलं. मी स्टेजवर चढलो. तवर मी काहीच ठरवलं नव्हतं, हे तुले खरं सांगतो. समोर तुझी माय बसली होती, बाजूची मयुरीची खुर्ची रिकामी होती. बाबूलाल शाल उघडून राह्यला होता. मी माईक मागितला अन् म्हणलं, की माझी पोरगी मुसलमानाच्या घरी राहते, ते तिले पोटच्या पोरीसारखं ठेवतात, अन् सात महिने मी तुम्हाले ते सांगतलं नाही, कारण मले लाज वाटत होती. ही शाल मी घेऊ शकत नाही.

टाळ्या वाजल्या नाही. बाबूलालनं शाल घडी करून पिशवीत टाकली अन् म्हणाला, हे घरी सांगतलं असतं तं काय झालं असतं. त्याचंही बराबर हाय. कार्यक्रमाले आलेले पुनारामजी जेवाले थांबले नाही, मोटरसायकल काढून किरनापुरले निघून गेले. प्रीतम थांबला. पंगतीत वाढलं, मग आमच्या घरी येऊन मयुरीसंग ओट्यावर बसला. काय बोलले मले माहीत नाही. तारीख ठरली नाही. मी मयुरीले म्हणलं, माझ्यानं तुझं नुकसान झालं. ती म्हणाली, नुकसान झालं का नाही ते मी पाहीन, तुम्ही नका पाहू.

काल तुले न सांगता सुमार्नीबाईले व्हिडिओ फोन लावला. तू कॉलेजात होती. तिले मराठी येत नाही, मले तिची भाषा येत नाही. मी हात जोडले अन् सारं मराठीतच सांगतलं. नेटवर्क होतं, हेही सांगतलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. किती समजलं कोण जाणे. मग तिनंही काही लंबंचवडं सांगतलं, डोक्यावरच्या ओढणीनं डोळे पुसले.

मग ती फोन घेऊन तुझ्या खोलीत गेली. अंथरूण तसंच पसरलेलं, ओला टॉवेल खुर्चीवर, पुस्तकं जमिनीवर. ते दाखवत ती जे बोलत सुटली, ते मले शब्दन् शब्द समजलं. तुझी माय मागून येऊन हौ हौ करू लागली, अन् मग तिनं माझ्या हातातून फोनच घेतला. दोघी अर्धा तास बोलल्या. माझ्याशीही तुझी माय काल जेवताना बोलली, फक्त तुझ्या खोलीबद्दल, पण बोलली.

मे महिन्यात यायची गरज नाही. शिक्षण पूर्ण करून ये. त्या घरावर लोभ असू दे, आमच्यावरही राहू दे.

अन् सकाळी उठल्यावर अंथरूण उचलत जा. दोन घरच्या माणसायले खाली पाहा लागते.

तुझा बाप
वसंता