चुन्याच्या भिंतीवर सिमेंट

६ फेब्रु. २००९, शुक्रवार
चर्चमधून मिस्सा, म्हणजे शुक्रवारची प्रार्थना, करून घरी आलो तोच वसईहून धाकट्या दिरांचा, पास्कूभाऊंचा फोन. गावच्या चर्चची वेदीमागची भिंत पोट काढून पुढे आलीय. कंत्राटदार म्हणतो, चर्चच पाडा, स्लॅबचं बांधा. पुढच्या रविवारी मीटिंग.
चारशे वर्षांची भिंत. मराठ्यांनी किल्ला घेतला तेव्हाही उभी होती, सासूबाई सांगायच्या.
हे म्हणाले, "आपणच केलं." दोन वर्षांमागे इथे दुबईत भरभराट होती, आम्ही गाववाल्यांनी वर्गणी काढून बाहेरून सिमेंटचा गिलावा करून दिला. पोपडे दिसायचे म्हणून. फोटोत किती छान दिसलं. हे ड्राफ्ट्समन, पण तेव्हा टॉवरच्या नकाशांतून डोकं वर नव्हतं. आता सांगतात, शिंपल्यांचा चुना पावसाचं पाणी पितो, उन्हात सोडतो. सिमेंटने त्याचं तोंड बांधलं, पाणी आतच राहून भिंत फुगली.

१५ फेब्रु., रवि.
यांनी मीटिंगला फोनवरून समजावलं. भाऊंनी मोबाईल माईकला धरला. सिमेंट खरवडा, टेकू द्या, एक उन्हाळा सुकू द्या, मग चुना. मागून कोणी म्हणालं, "एसीत बसून सांगतोय. पडेल ती आमच्या डोक्यावर." हशा ऐकू आला. फोनचं कार्ड संपलं. पंधरा दिर्हॅम, म्हणजे दोनशे रुपये.

२५ फेब्रु., राखेचा बुधवार
ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ सुरू. समोर उभं राहून दाखवलं तर ऐकतील, असं यांना वाटतं. पण पासपोर्ट कंपनीकडे. कंपनीच्या अल क्वोजच्या ऑफिसात जाऊन आले. मॅनेजर म्हणाला, "राजीनामा लिहा, पासपोर्ट न्या. खलास." लिहिला तर तीन महिन्यांचा मंदीत अडकलेला पगार गेला, व्हिसाही. लेकीची, शर्लीची शाळा मध्येच...
शर्ली म्हणते, "मम्मा, इट्स जस्ट अ वॉल." तिचा बाप्तिस्मा तिथलाच. वाटाणे भिजत घातले.

१३ मार्च, शुक्र.
जपमाळ अर्धी राहिली. भाऊंचा फोन. ठरलं, ईस्टरनंतर पाडणार. "वहिनी, तुमच्यासाठी काय काढून ठेवू? खिडकीची चौकट? वेदीवरच्या छताची एखादी निळी फळी?"
लाकडावर रंगवलेलं ते आभाळ. लग्नात वरच बघत राहिले म्हणून आईने चिमटा काढला होता.
फळी मागितली की पाडायला हो म्हटल्यासारखंच.
हे समोरच होते. "काही काढू नको म्हणावं. मी येतोय म्हणून सांग."
सांगितलं. पासपोर्टशिवाय कसे जाणार, ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही.