ओरडणारं स्थळ

मंगळवार, ४ मार्च
आले: गॅस टाकी, ८२५, आणणावळ धरून. मिरची अर्धा किलो, २८०, देठासकट, म्हणजे वजनात फसवणूकच. साबण ४ वड्या, ११२. बेळगावहून लेकीचं, एस्तूचं पार्सल, ६५ ची तिकिटं लावलीत. आत चिठ्ठी आणि एक सी.डी. छापील किंमत ३००. विकत घेतली की त्या पोरानं दिली, लिहिलेलं नाही. विकत घेतली असेल तर मग...

पोरगा तोच, योएल. उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहे. वर्ष झालं, लेकीच्या तोंडी त्याचंच नाव. काम सुटल्यावर चौघे मिळून गातात म्हणे, हा त्यांच्यातला गाणारा. चिठ्ठीत लिहिते, "आपल्याच प्रभूची गाणी आहेत. आई, आधी सगळी ऐक, मग होय की नाही सांग. तू नाही म्हणालीस तर मी पुढं जाणार नाही. ईस्टरनंतर त्याची आई विचारायला येणार आहे."

म्हणजे ओझं माझ्या डोक्यावर. हे म्हणाले, "तुझी लेक, तू बघ." बारशाला मात्र दोघांची होती.

कव्हर काळं. नाव काटेरी तारेसारखं लिहिलंय, वाचता येत नाही. वधस्तंभ आहे, तोही वाकडा. उद्यापासून उपासाचे दिवस. आज लावली नाही.

गुरुवार, ६ मार्च
हे बाजारात गेल्यावर टीव्हीखालच्या मशीनमध्ये घातली. आधी वाटलं मशीन बिघडलं. पुसून परत घातली. मशीन चांगलं आहे, गाणंच तसलं आहे.

गुऱ्हाळाच्या चरकात पत्रा अडकावा तसली गिटार. तिच्यावर माणूस. गातो असं म्हणवत नाही. पोटातून ओढून बाहेर काढतो, ओकारी काढावी तसं. शिसारी आली. एकच शब्द कळला, येशू. तोही असा, की कुणाच्या अंगावर धावून चाललाय. ज्या नावापुढं आम्ही डोक्यावर पदर घेतो, ते नाव असं.

दुसरं गाणं अर्ध्यात बंद केलं. जाऊन तोंड धुतलं. का धुतलं ठाऊक नाही, पण धुतलं.

भिंतीपलीकडून पद्मावहिनी, "काय वो, मिक्सर जळाला काय?"
"व्हय, जळाला."
उपासाच्या दुसऱ्याच दिवशी खोटं बोलले. देवाचं गाणं आहे म्हणून सांगायची लाज वाटली. त्या जैनाच्या बाईनं काय समजावं आमच्या देवाला?

रविवार, ९ मार्च
उपासनेनंतर पाळकसाहेबांना विचारलं. वयानं एस्तूएवढेच. म्हणाले, "काकू, तरुणांत अशीही सेवा चालते."
"तुम्ही ऐकलंय काय?"
"थोडं."
"किती?"
हसले. विषय बदलून म्हणाले, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरच्या सात वचनांतलं चौथं यंदा तुमच्याकडं. दरवर्षी मला तिसरं असतं, आई नि मुलाचं. बायकांना तेच देतात. चौथ्यात प्रभू देवालाच विचारतो, मला का सोडलंस. त्यावर मी मॅट्रिक झालेली बाई काय बोलणार? पण नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी एस्तूचा फोन.
"किती झाली?"
"दीड."
"अकरा हायत, आई."
"मग राहिलेली तुझ्या पप्पास्नी ऐकीव."
हसली. हसताना चांगली वाटते पोरगी. म्हणून तर जास्त काळजी.

शनिवार, १५ मार्च
मिरच्यांचे देठ काढता काढता दुसऱ्याचं राहिलेलं अर्धं, मग तिसरं ते सहावं. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला. बारीक केल्यावर जास्तच किळस. मोठ्यानं ऐकताना निदान मशीनचा आवाज वाटतो, हळू ऐकताना बाजूच्या खोलीत कुणाचा तरी गळा दाबतायत असं वाटतं.

हे आतून, "मोठं कर की."
"तुम्हाला आवडतंय काय?"
"आवडायचं काय त्यात. बारीक आवाजात भीती वाटत्या."
म्हणजे मी एकटीच नाही.

आतल्या कागदावर गाण्यांचे शब्द आहेत. इंग्रजी, मुंगीएवढं अक्षर. भिंग घेऊन बसले. माझं इंग्रजी शाळेपुरतं, तरी समजलं. शब्द वाईट नाहीत. देवा किती दिवस, तू कुठं आहेस, माझं ऐक. स्तोत्रांत असतं तसंच. त्यामुळं राग दुप्पट झाला. दूध चांगलं, पण ते गोठ्यातल्या शेणाच्या बादलीत ओतून माझ्यापुढं ठेवलंय. शब्द वाईट असते तर आजच नाही लिहून मोकळी झाले असते.

गुरुवार, २० मार्च
नववं गाणं. नाव "नववा तास". म्हणजे वधस्तंभावर प्रभूनं ते विचारलं तो तास, माझंच चौथं वचन. योएल तेच एक वाक्य परत परत म्हणतो. म्हणतो कसलं, किंचाळतो. शेवटी घसा फाटून नुसती हवा येते. ती हवासुद्धा ठेवलीय, कापून टाकली नाही. फार राग आला. प्रभूचं मरण हे काय गळा दाखवायची जागा? बटण दाबून बंद केलं आणि पवित्र शास्त्र उघडलं, म्हटलं मनातली घाण तरी जाईल, भाषणाचंही बघू.

तिथं त्याच ओळीत लिहिलंय की प्रभू मोठ्यानं ओरडला.

इतकी वर्षं वाचतेय. आमच्या मंडळीत ते वचन सगळे हळू वाचतात, मान खाली घालून, अगदी आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसं. कुणीच कधी मोठ्यानं वाचलेलं आठवत नाही. शब्द आहे खरा. पण म्हणून काय असं...

 भाषण तसंच राहिलं.

सोमवार, २४ मार्च
संकेश्वरहून आक्का आली, दोन दिवस राहणार. आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भावजी जाऊन तीन वर्षं झाली. तिला म्हटलं, ऐक आणि तूच सांग, ह्या पोराला लेक द्यायची काय.

एक गाणं पुरं ऐकलं तिनं. मांडीवर हात ठेवून, तोंड वाकडं न करता. मी म्हटलं, "घाण वाटत न्हाय तुला?"
"वाटत्या की. लई घाण हाय."
"मग?"
"ह्यो निदान बाहीर वरडतोय."

मला कळलं नाही आधी. मग ती म्हणाली, "आप्पांनी गळा ऐकूनच दिलं हुतं न्हवं मला?"

खरं आहे. भावजींचा गळा. वार्षिक सभेत ते उभे राहिले की पेटीवाला पेटी थांबवायचा, नुसता आवाज ऐकावा म्हणून. बायका पदर डोळ्याला लावायच्या. आमचे आप्पा त्याच मांडवात म्हणाले होते, ह्या आवाजाचा माणूस वाईट असूच शकत नाही. महिन्याभरात लग्न. मी तेव्हा लहान, आक्काच्या नशिबाचा हेवा वाटायचा.

आक्का म्हणाली, "त्यो गळा घरात कसा वाजायचा, त्ये तुमी कुणी ऐकलासा? मी भाकरी थापत असले की पाठीमागं बारीक आवाजात सुरू करायचा. लई हळू. शेजारणीला वाटायचं नवरा-बायको गुलूगुलू बोलत्यात."
एवढंच बोलली. मग तव्यावर भाजत्या मिरच्यांचा खाट उठला म्हणून खिडकी उघडायला उठली.  काय विचारायचं आता? तेव्हा कुणी विचारलं नव्हतं.

बुधवार, २६ मार्च
आक्काला बसमध्ये बसवून आले. तिकीट तिनंच काढलं, मला काढू दिलं नाही. घरी येऊन सी.डी. लावायचा धीर झाला नाही. कपाटात भावजींच्या गाण्यांची जुनी कॅसेट आहे. तीही लावली नाही.

शनिवार, ५ एप्रिल
एकदाची अकरा झाली. आवडली काय? नाही. एकही नाही. शेवटच्यात तर ढोल असा बडवलाय की स्टीलचे डबे वाजायला लागले. परत ऐकणार नाही हे आजच लिहून ठेवते. पण एस्तूनं मला विचारलंय वेगळंच. गाणं आवडलं काय असं कुठं विचारलंय तिनं?

फोन केला. "सगळी ऐकली."
"मग?"
"घरात कसा हाय गं तो?"
"मला काय ठावं? मी त्याच्या घरात ऱ्हाते काय?"
"चिडतो काय?"
"आई, माझ्यावर अजून चिडलेला न्हाय."
अजून. ह्या एका शब्दावर सगळी दुपार गेली.

शुक्रवार, १८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
बारा ते तीन उपासना. एस्तू सकाळच्या बसनं आली. योएललाही घेऊन आली, न सांगता. मला राग यायला वेळ मिळाला नाही, चौथं वचन होतं.

मान खाली घालून हळूच वाचायचं ठरवलं होतं. पण त्या ओळीपाशी आवाज आपोआप वर गेला. फार नाही, एक पायरी. माईक कुई करून ओरडला. पुढची पोरं फिस्सकन हसली. पाळकसाहेब दचकले. लाजेनं मेल्यासारखं झालं. पुढं दोन वाक्यं कशीबशी बोलून खाली बसले. हे म्हणाले, "माईक लांब धरायचा असतो." देवाच्या घरात हेच मिळालं ऐकायला.

उपासनेनंतर पोरगा समोर आला. पांढरा शर्ट, बारीक केस, बोटं फौंड्रीतल्या काळ्यानं भरलेली, घासून घासून लाल केलेली.
"सलाम, मावशी."
इतकं हळू की मला परत विचारावं लागलं. एवढा आवाज तिकडं सांडतो आणि तोंडावर असा.
"तुम्ही वाचलासा त्ये बरं वाटलं," म्हणाला. मागून कानडीत एस्तूला काहीतरी, तेही हळूच. मंडळीतल्या बायका खूश. "किती गरीब पोरगं गं. आवाज कसा मऊ." एकदोघींनी तर माझा हातच धरला, आता थांबू नकोस म्हणून.

 ते ओरडणं ऐकून जेवढी भ्याले नव्हते, तेवढी त्या मऊ आवाजानं भ्याले. पोराचा दोष काही नाही त्यात. कदाचित काहीच नसेल. पण गळा ऐकून ठरवायचं नाही हे आता कळलंय, तो फाटलेला असो नाहीतर मऊ. मग ठरवायचं कशावरून?

एस्तू निघताना म्हणाली, "आई, काहीतरी बोल की."
"ईस्टर हुदे."

रविवार, २० एप्रिल
पुनरुत्थानाचा दिवस. उपवास सुटला. मटण ७६०, तेही अर्ध्याला हाडं. हे जेवून झोपले. मी वही घेऊन बसले.

योएलच्या आईला फोन करणार नाही. फोनवर बोलणाऱ्याच्या शेजारी कोण उभं आहे, दिसत नाही. पोरगाच उभा असला तर ती माउली काय सांगणार? कागदच बरा.

सोमवार, २१ एप्रिल
योएलच्या आईला पाठवायचं ते आधी इथं लिहिते. पक्कं झालं की आंतर्देशीयवर उतरवेन.

"सप्रेम सलाम, ताई.

तुम्ही विचारायला येणार असं एस्तूकडून कळलं. याच, घर तुमचंच आहे. पण त्याआधी एक विचारते, राग मानू नका.

योएलची गाणी अकराच्या अकरा ऐकली. मला आवडली नाहीत. खोटं लिहीत नाही. देवाच्या नावाला तसला आवाज लावलेला मला सहन होत नाही. पण त्यासाठी मी नाही म्हणणार नाही. ते त्याचं नि देवाचं.

मला घरातलं सांगा. कालवणात मीठ जास्त झालं, पगार लांबला, अंगात ताप असला, त्या दिवशी तो तुमच्याशी कसा बोलतो? त्याचा आवाज वर जातो की अगदी बारीक होतो? आणि तो बोलत असताना तुम्ही तिथंच बसून राहता, की उठून आत जाता?

एवढंच खरं लिहा. बरं असेल तर बरं, नसेल तर तसं. मी कुणाला दाखवणार नाही, एस्तूलासुद्धा नाही. तिला अजून होय म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. पोरगी रोज फोन करते आणि काही न विचारता ठेवते.

कानडीत लिहिलं तरी चालेल, मला वाचता येतं. फक्त मुलाच्या हातून लिहवून घेऊ नका. तुमच्याच अक्षरात दोन ओळी उलट टपाली पाठवा."