बिगर मुकादमाची नोकरी

४ नोव्हेंबर, मंगळवार

गेले! तिघंही गेले — आणि कुठं, तर आमच्या एजन्सीनं जिथं कामाला लावलं होतं त्याच कंपनीत!

सहादेवनं दिवाळीआधी काय सांगितलं होतं? "ताई, आई-बापू ऊसतोडीला जानार, घरी म्हातारी एकटी ऱ्हाती, आता न्हाई जमायचं." मी हळहळले. मागोमाग त्याच्या दोन दोस्तांनीही काम सोडलं. एकाची पाठ दुखत होती, दुसऱ्याला शेत बघायचं होतं. मी येडी, तिघांनाही "काळजी घ्या रे" म्हणून निरोप दिला. आणि आज सुप्याला कंपनीत आमच्या नव्या पोरांची हजेरी बघायला गेले, तर मेन्टेनन्सच्या दारात सहादेव उभा! अंगात आमच्या एजन्सीचा राखाडी टी-शर्ट नाही, कंपनीचा निळा शर्ट. गळ्यात कंपनीचं कार्ड. मला बघून पठ्ठ्या मशीनमागं गेला. एवढा उंचापुरा गडी, लपतोय कुठं!

आयटीआयच्या दारातून या पोराला मी आणलं. इंटरव्ह्यूत काय बोलायचं ते मी शिकवलं, सुप्यात खोली मी बघून दिली. तोंडावर ताई ताई, आणि मागून हे! याला सरळ चोरी म्हणतात. एजन्सीनं माणूस शोधायचा, तयार करायचा, आणि त्यानं एजन्सीलाच बाजूला सारून थेट आत शिरायचं.

एचआरच्या धनश्री मॅडमना जाब विचारला. आमचा माणूस वर्षभर थेट घ्यायचा नाही असं ॲग्रीमेंटमध्ये स्पष्ट आहे. त्या हसल्या. "अहो, त्यांनी तुमच्याकडचं सोडलं, मग आमच्याकडे अर्ज केला. आम्ही काय करणार?" वर म्हणे, "तुम्हीही या की इकडे, माणसं ओळखणारं कुणीतरी हवंच आहे आम्हाला." अंगाची नुसती लाही लाही झाली. मी काय त्यांच्यातली वाटले?

५ नोव्हेंबर, बुधवार

वैजनाथ सरांना सांगितलं. एजन्सी त्यांची, ओरडायचा हक्क त्यांचा. आधी फोनवर ओरडले, मग सावेडीच्या ऑफिसात समोर बसवून ओरडले. "आज तिघं गेले, उद्या सगळे जातील. मग आपण काय पापड लाटायचे?" त्यांचं चूक नाही. ही कंपनी हातची गेली तर एजन्सीला कुलूपच लावावं लागेल.

"ते ठरवून गेले याचा पुरावा आण," म्हणाले. "मी कंपनीला नोटीस देतो. तिघांना बाहेर काढावंच लागेल त्यांना."

आणीन. सोडणार नाही!

६ नोव्हेंबर, गुरुवार

सहादेव फोन उचलत नाही. मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा येतात, उत्तर नाही. निर्लज्ज.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

पुरावा मिळाला. अरे देवा, असला पुरावा!

दुपारी सरांनी बोलावलं आणि मोबाईल माझ्यापुढं सरकवला. पाथर्डीकडून कुणीतरी पाठवलेला फोटो. सहादेवच्या गावातल्या चौकात फ्लेक्स — भला मोठा. गॉगल लावलेला सहादेव. वर लाल अक्षरांत: "सुप्याच्या कंपनीत थेट व कायम निवड झाल्याबद्दल सहादेवभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन!" खाली शुभेच्छुक म्हणून निम्मं गाव. आणि उजव्या कोपऱ्यात, गोल चौकटीत — मी!

माझा डीपी. चुलतभावाच्या हळदीतला, नथ घातलेला. खाली लिहिलंय: "आधारस्तंभ — मा. पंकजाताई."

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "आधारस्तंभ," एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे बघत बसले.

"सर, मला खरंच माहीत नव्हतं! शप्पथ!"

"मग तुझा फोटो त्यांना कुणी दिला?"

"डीपी आहे सर, कुणीही घेईल!"

नाही पटलं. म्हणाले, सोमवारी जबाबावर सही कर. सहादेवनं खोटं बोलून बाकी दोघांना फूस लावली, असा जबाब. सही केलीस तर तू आमची. नाही केलीस तर तूच त्यांना तिकडं पोचवलं असं मी समजेन.

गाढवांनो! चोरी तुम्ही करायची आणि आभार माझे मानायचे? ज्याला फसवलं त्याचाच फोटो चौकात लावायचा? ही अक्कल कुणी शिकवली तुम्हाला!

८ नोव्हेंबर, शनिवार

पप्पांना फोटो दाखवला. भिंगारच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यापासून त्यांना असं काही बघायला मिळत नाही. चष्मा लावून, मोठा करकरून पाहिला. "फोटो बाकी झकास आलाय गं."

मी ताटावरून उठले.

पप्पांचं काय जातंय! सही करणार आहे मी. सहादेवची कीव कशासाठी करायची? त्यानं माझी केली का? पण त्याआधी गावात जाऊन तो फ्लेक्स उतरवणार, आणि त्याच्या तोंडावर दोन शब्द सुनावणार.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या एसटीनं पाथर्डी, तिथून वडापच्या जीपनं गाव. गाडीतून उतरले तर समोर मीच, नथ घालून. वडापवाला एकदा फ्लेक्सकडे बघतो, एकदा माझ्याकडे. त्यानं पैसेच घेतले नाहीत! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहादेवची आई केशरबाई दारातच ओरडली, "आगं बया, फोटूतल्या ताई आल्या!" गल्ली गोळा झाली. मी भांडायला गेलेली, आणि माझ्या पायावर पाणी घालतायत. असं कसं भांडायचं माणसानं?

तरी सरळ म्हटलं, "मावशी, तो फ्लेक्स आधी काढा."

"काढू की. गुरवारी साखरपुडा झाला की काढू. त्यो फ्लेक्स बघूनच तर सोयरीक जमली. आधी पाव्हनं इचारायचे, पोरगं कंपनीत हाय का ठेकेदाराकडं? ठेकेदार म्हनलं की च्या पिऊन उठायचे."

"पण मी काहीच केलं नाही हो! तो मला फसवून गेलाय."

"आसं कसं? तुमी सुप्याला न्येला म्हनून तर कंपनीनं बघितला." मग माझा हात धरून म्हणाली, "माजा सासरा मुकादमाकडं, मालक मुकादमाकडं, मी मुकादमाकडं. साखरपुडा झाला की आमची टोळी निगनार, परत मुकादमाबरुबर. आमच्या घरात बिगर मुकादमाचं कामाला लागलेलं ह्ये पयलंच पोरगं."

मला कळेचना. म्हटलं, "मावशी, ऊसतोडीला मुकादम असतो. सुप्याच्या कंपनीत कुठला मुकादम?"

"तुमचं सर की वो!"

सगळे हसले. मीही हसले असेन, तोंड तसं झालं असेल. सर मुकादम, तर मग मी कोण? पोरं गोळा करणारी, टोळी भरणारी. बी.कॉम. झाले, इंग्रजीत मेल लिहिते, कार्डावर 'रिक्रूटमेंट एक्झिक्युटिव्ह' छापलंय, आणि या बाईनं मला एका वाक्यात उसाच्या फडात नेऊन उभं केलं. फार लागलं मला ते.

सहादेव मागं गोठ्यात होता. खाली मान. "खोटं बोललो ताई. खरं सांगितलं आस्तं तर तुमी आडवलं आस्तं. तुमचं कामच हाय त्ये."

"मला एकदा सांगून तर बघायचं होतंस!"

"दोन येळा म्हनलो हुतो, ताई, कायम व्हायचंय. तुमी म्हनला, बघू." मग हळूच विचारतो, "तुमी तरी कायम हायत का?"

माझंही नेमणुकीचं लेटर अकरा महिन्यांचंच. चार वर्षं झाली, संपलं की सर नवं देतात. मी कधी लक्षच दिलं नाही त्याकडे.

निघताना केशरबाईनं कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला. तो आता टेबलावर पडलाय. राग गेला नाही माझा. फक्त कुणावर काढायचा ते कळेनासं झालंय!

१० नोव्हेंबर, सोमवार

जबाब टाईप करून तयार होता. नीट वाचला. "सहादेव याने इतर दोघांना फूस लावली" — हे खोटं आहे. म्हटलं, "सर, तिघं खोटी कारणं सांगून गेले, एवढं लिहा, आत्ता सही करते. फूस कुणी कुणाला लावली नाही. ज्याला त्याला जायचंच होतं."

"म्हणजे तू पण त्यांच्यातलीच."

"नाही सर! चार वर्षांत एक माणूस इकडचा तिकडे केला नाही मी!"

"सही कर, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

सहादेवचा साखरपुडा गुरुवारी. माझी सही गेली की नोटीस जाणार, नोटीस गेली की तो निळा शर्ट उतरणार. पेन खाली ठेवलं. म्हटलं, "ठीक आहे, मग मला नोटीस पिरियड द्या. एक महिना."

सर हसले. खरंच हसले! "कसला नोटीस पिरियड? तुझं लेटर ऑक्टोबरातच संपलंय."

म्हणजे गेले कित्येक दिवस मी यांची कुणीच नव्हते. आणि कुणीच नसताना यांच्यासाठी एसटीचे धक्के खात होते, लोकांच्या पोरांना चोर म्हणत होते! मूर्ख, मूर्ख, मूर्ख!

११ नोव्हेंबर, मंगळवार

घरीच. डीपी बदलला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सहादेवच्या साखरपुड्याचे फोटो आले. मुलगी छान आहे, ठेंगणी, हसरी. मागं फ्लेक्स तसाच. मांडवातल्या प्रत्येक फोटोत माझी नथ दिसतेय.

खाली त्याचा मेसेज: "ताई तुमच्यामुळं." उत्तर दिलं नाही. रडले मात्र. रागानंच रडले.

पप्पा दारात येऊन उभे राहिले. केशरबाईचा तो नारळ फोडून खोबरं आणून दिलं. मग म्हणाले, "त्या धनश्री मॅडम काय म्हणत होत्या गं त्या दिवशी?"

१ डिसेंबर, सोमवार

सुप्याला रुजू झाले. थेट. निळं कार्ड मिळालं. लेटरवर सुरुवातीची तारीख आहे, शेवटची नाही — गेटवर उभं राहून दोनदा बघितली. सर याला चोरी म्हणतील. म्हणू देत.

पप्पा विचारतायत, फ्लेक्स कुठं लावू?

म्हटलं, सावेडीत. सरांच्या ऑफिससमोर. आणि आधारस्तंभ म्हणून केशरबाईंचा फोटो घाला!