गुडघ्यांचं निमित्त

प्रिय अक्का,

आईचं बायबल तू बेळगावलाच ठेवून घेतलंस, तेव्हापासून तीन वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही आणि चर्चमधल्या प्रभुभोजनाची भाकरही घेतली नाही. बहिणीशी अबोला धरून ती भाकर कशी घ्यायची? इथे बेळ्ळंदूरच्या चर्चमध्ये सगळे ती घ्यायला पुढे जातात, मी बाकावरच बसते. सुनेला सांगितलं, गुडघे दुखतात.

तिने ते पाळकसाहेबांच्या कानावर घातलं. काल ते भाकर आणि प्याला घेऊन थेट माझ्या बाकापाशी आले. "उठू नका, आजी," म्हणाले. इतक्या मायेपुढे मला नाही म्हणता आलं नाही.

घास गिळला, पण तुझ्यावरचा राग घशातच अडकला.

हे पत्र टाकत नाही. शुक्रवारच्या बसने मीच येते. बायबल तुझ्याकडेच राहू दे. आईने खुणा केलेली वचनं तेवढी मला वाचून दाखव.

तुझी,
धडधाकट गुडघ्यांची करुणा